स्ट्रट बार घरी बनवताय? पाइप गिरगावातच मिळेल

मंडळी, आधी एक गैरसमज काढू. स्ट्रट बार लावून सस्पेन्शन कडक होत नाही, कडक होतो गाडीचा सांगाडा. मारुती ८०० किंवा झेनला पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतात. जोरात वळण घेताना ते ज्यात बसतात ते बॉडीचे टॉवर किंचित सरकतात आणि चाकांचा कोन बदलतो. दोन्ही टॉवर आडव्या दांड्याने बांधले की हे सरकणं कमी होतं. पद्मिनीवाल्यांनी यात पडू नये. तिला पुढे स्ट्रटच नाहीत, विशबोन आहेत.

स्टीलचे पाइप कुंभारवाडा आणि नानूभाई देसाई रोडवर, स्पेअर पार्ट ऑपेरा हाउसला. पाइप शक्यतो सीमलेस आणि सरळच घ्या. इंजिन चुकवायला त्याला बाक दिला की अर्धी मेहनत पाण्यात, कारण दांड्याने ताण आणि दाब सोसायचा असतो, स्वतः वाकायचं नसतं. बिजागरीसारखे सांधे असलेले चकचकीत बार तर निव्वळ दागिने!

पाइपच्या टोकांना जाड पट्टी वेल्ड करा, तिची भोकं स्ट्रटच्या मूळ बोल्टांवर तंतोतंत. टॉवरच्या पत्र्याला मात्र वेल्डिंग नको. बोल्ट आवळताना चारही चाकं सपाट जमिनीवर हवीत, जॅकवर नाही. बॉनेटला बार लागतो का हे बघायला वर शाडूचा गोळा ठेवून बॉनेट अलगद मिटा.

आणि हो, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ विसरू नका. बेकायदा बदल ठरला तर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. आधी ताडदेवच्या आरटीओत विचारा, मग वेल्डर गाठा.