'नको' म्हणणाऱ्या रुग्णाचाही मान राखू या

समजा, सोलापुरात विड्या वळून संसार ओढणाऱ्या एका मावशींना मधुमेह आहे. पायाची जखम चिघळून काळी पडली आहे. डॉक्टर म्हणतात, पाय काढला नाही तर जिवाला धोका आहे. मावशी पूर्ण शुद्धीवर आहेत आणि म्हणतात, "पाय कापू देणार नाही." अशा वेळी सिस्टरने काय करावे? मुलाची सही घेऊन मोकळे व्हावे काय?

आमचे उत्तर स्पष्ट आहे : नाही. २००८ साली समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. तेथे रुग्ण भुलीखाली असताना आईची संमती घेऊन शस्त्रक्रिया झाली होती. ती संमती न्यायालयाने मानली नाही. पुढे ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्यघटनेच्या २१व्या कलमाच्या आधारे सज्ञान, जाणत्या माणसाचा उपचार नाकारण्याचा हक्क मान्य केला.

मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३च्या हल्ल्यानंतर स्वतःचे मत सांगूच शकत नव्हत्या. २०१५ साली त्यांचे निधन होईपर्यंत तेथील परिचारिकांनी त्यांना जपले. आमच्या मावशी तर बोलू शकतात. मग त्यांचेच ऐकायला हवे.

पण ऐकणे म्हणजे मान डोलावून निघून जाणे नव्हे. ताप चढला, साखर एकदम उतरली तरी माणूस भ्रमात बोलतो. ते आधी पाहावे. मग "का नको?" हे शांतपणे विचारावे. गरिबाचा नकार पुष्कळदा उपचाराला नसतो, बिलाला असतो. घरात ओझे होण्याच्या भीतीला असतो. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करून द्यावी. शंका डॉक्टरांकडून मावशींच्या भाषेत समजावून घ्याव्यात. धाक मात्र घालू नये.

एवढे करूनही नकार कायम राहिला, तर डॉक्टरांना कळवून तो केसपेपरवर लिहावा. पण पट्टी बदलणे, वेदनेचे औषध, अंथरुणाची स्वच्छता यांत कसूर नको. मावशींनी एक उपचार नाकारला, सेवा नाकारली नाही. आणि उद्या मन बदलले, तर "तेव्हाच का नाही ऐकलं?" असा टोमणा कोणी मारू नये.

घरच्यांनीही खाटेपाशी बसून मावशींना विचारावे. सही करण्याची घाई करू नये.