राणीचा पुतळा आणि काळजांची अफवा

ऑक्टोबर १८९६. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला रातोरात डांबर फासलं गेलं. हे काम आपलं, अशी कबुली पुढे दामोदर चापेकरांनी दिली. पण त्याच सुमारास शहरात प्लेग शिरला होता. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या: अपमानाचा सूड म्हणून राणीने माणसांची काळजं मागवली आहेत, आणि सरकारी दवाखान्यात ती काढली जातात!

माणसं उलटी टांगून ‘मोमियाई’ तेल काढतात, ही जुनी भीतीही उफाळली. महिनाअखेरीस सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोड रुग्णालयावर चालून गेले.

अफवेला खतपाणी सरकारनेच घातलं. रुग्णांना घरातून ओढून नेलं जाई. धास्तीने लोक आजार लपवत. शेवटच्या घटकेला आलेला रुग्ण दगावला, की संशय ‘खरा’ ठरे.

पुढे सातारा जिल्ह्यातही प्लेग पसरला. तेव्हाचा १८९७चा साथरोग कायदा महाराष्ट्राने मार्च २०२० मध्ये कोरोनासाठी लागू केला. लसीबद्दलच्या अफवा त्यानंतरही गावोगाव फिरल्याच.