विश्लेषण : घरी बीअर तयार करण्याचे किट घ्यायचे आहे? खोक्याआधी कायदा आणि तापमान पाहा!

मोबाइलवर रील्स पाहताना मध्येच एक जाहिरात येते. पांढरी बादली, झाकणावर बुडबुडे आणि 'घरच्या घरी काही आठवड्यांत बीअर' असा दावा. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन किंवा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी तरुणांसाठी हा कायदेशीर छंद आहे. पुण्या-मुंबईत मात्र विनापरवाना हेच केले तर तो गुन्हा ठरतो. त्यामुळे किट कुठे वापरता येते, त्यात काय असावे आणि पैसे नेमके कशावर खर्च करावेत, हे समजून घेऊया.

घरी बीअर कशी तयार होते?

बीअरला चारच गोष्टी लागतात : पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट. बार्ली भिजवून, मोड आणून वाळवली की माल्ट होते. हॉप्स ही एका वेलीची फुले. बीअरचा कडवटपणा आणि गंध त्यांच्यामुळे येतो. माल्टमधली साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड वायूत रूपांतर करते. हेच आंबवणे. बीअर आंबवली जाते, ऊर्ध्वपातन करून काढली जात नाही. घरी भट्टी लावून मद्य काढणे हा वेगळा प्रकार आहे. ब्रिटन आणि अमेरिकेतही तो परवान्याशिवाय करता येत नाही.

परदेशात परवानगी कधीपासून?

ब्रिटनमध्ये घरी बीअर तयार करण्यासाठी लागणाऱ्या परवान्याची अट १९६३मध्ये रद्द झाली. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८मध्ये यासंबंधीच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. तेथे घरात एक प्रौढ व्यक्ती असेल तर वर्षाला १०० गॅलन (सुमारे ३७८ लिटर) आणि दोन किंवा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन (सुमारे ७५७ लिटर) बीअर स्वतःसाठी तयार करता येते. विकता येत नाही. अमेरिकेतील राज्यांचे स्वतःचे नियमही आहेत. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर २०१३मध्ये परवानगी दिली. ऑस्ट्रेलियात हा छंद इतका रुळला आहे की अॅडलेडमधील १८६२ साली सुरू झालेली कूपर्स ही बीअर कंपनी स्वतःच घरगुती किट विकते.

महाराष्ट्रात काय नियम आहेत?

मद्य हा राज्यघटनेनुसार राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि त्याच्या व्याख्येत बीअरचा स्पष्ट उल्लेख आहे. परवान्याशिवाय मद्य तयार करणे किंवा बाटलीत भरणे हा या कायद्याच्या कलम ६५नुसार गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवास आणि दंडाची तरतूद आहे. मद्य तयार करण्याच्या हेतूने साहित्य किंवा उपकरणे बाळगणेही याच कलमात येते. 'फक्त स्वतःसाठी वीस लिटर' अशी सवलत यात नाही.

गोव्यात मद्य सहज मिळते, पण तयार करण्यासाठी तिथेही परवाना लागतो. त्यामुळे एखादे किट ऑनलाइन विकत मिळते, याचा अर्थ ते घरी वापरायला परवानगी आहे असा होत नाही. परदेशातील भावाला किंवा मित्राला 'येताना एक घेऊन ये' असे सांगण्यापूर्वी हे लक्षात ठेवायला हवे. महाराष्ट्रात ताजी बीअर प्यायचा कायदेशीर मार्ग म्हणजे परवानाधारक मायक्रोब्रुअरी. पुण्यात २००९मध्ये 'डूलाली' सुरू झाली आणि त्यानंतर शहरात अनेक मायक्रोब्रुअरी आल्या. बीअर पिण्यासाठी राज्यात २१ वर्षे पूर्ण असणे आवश्यक आहे.

पुढील माहिती जिथे हा छंद कायदेशीर आहे, तिथल्या वाचकांसाठी.

किटचे प्रकार किती?

ढोबळमानाने तीन.

अर्काचे किट : यात माल्टचा घट्ट, काकवीसारखा अर्क डब्यात येतो. बहुतेक डब्यांत हॉप्सचा कडवटपणा आधीच उतरवलेला असतो. १.७ किलोचा एक डबा, साधारण एक किलो साखर किंवा माल्ट पावडर आणि पाणी यांपासून २३ लिटर बीअर होते. पहिल्या दिवसाचे काम तासाभरात उरकते. नवख्यांसाठी हाच सोपा मार्ग.

अर्क आणि धान्याचे किट : यात अर्कासोबत थोडे भरडलेले माल्ट आणि वेगळे हॉप्स येतात. धान्य गरम पाण्यात भिजवायचे, हॉप्स उकळायचे. चव अधिक ताजी लागते, पण मोठे पातेले आणि दोन-तीन तास हवेत.

पूर्ण धान्याचे किट : इथे सगळी साखर धान्यातूनच काढायची. त्यासाठी भरडलेले माल्ट साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस पाण्यात तासभर ठेवावे लागते. हे काम विजेवर चालणाऱ्या एकत्रित यंत्रांत करता येते, मात्र त्यांची किंमत साध्या किटच्या कित्येक पट असते. पहिल्याच खरेदीत इथे उडी मारण्याची गरज नाही.

खोक्यात काय असायलाच हवे?

झाकण असलेली, खाद्यपदार्थांसाठी योग्य प्लास्टिकची बादली हवी. २३ लिटर बीअरसाठी ती २५ ते ३० लिटरची असावी, कारण वर फेस येतो. झाकणावर एअरलॉक हवा. तो वायू बाहेर सोडतो, पण बाहेरची हवा आत येऊ देत नाही. याशिवाय थर्मामीटर, बीअर काढण्याची नळी किंवा बादलीला तोटी, आणि निर्जंतुक करणारे द्रावण.

सर्वांत महत्त्वाचे उपकरण म्हणजे हायड्रोमीटर. दूध डेअरीतला लॅक्टोमीटर ज्या तत्त्वावर चालतो, त्याच तत्त्वावर हाही चालतो. द्रवात साखर जास्त असेल तर तो वर तरंगतो. साखर संपत जाते तसा तो खाली जातो. सुरुवातीची घनता १.०४० आणि शेवटची १.०१० असेल, तर फरक ०.०३०. त्याला १३१.२५ने गुणले की अल्कोहोलचे प्रमाण मिळते, सुमारे ३.९ टक्के. काही स्वस्त किटमध्ये हायड्रोमीटर नसतो. असे किट घेतले तर तो वेगळा घ्यावाच.

अनेक किटमध्ये बाटल्याही नसतात. २३ लिटरसाठी अर्ध्या लिटरच्या चाळीसहून अधिक बाटल्या लागतात. हा खर्च आणि जागेचा हिशेब आधीच करावा.

मग तापमानाचा मुद्दा कुठे येतो?

खोक्यावरचे चित्र आणि बीअरची खरी चव यांतला फरक बहुतेक वेळा तापमानामुळे पडतो. इडलीचे पीठ थंडीत फुगत नाही आणि उन्हाळ्यात लगेच आंबट होते, तसेच हे. एल प्रकारच्या बहुतेक बीअरसाठी १८ ते २२ अंश तापमान लागते. लागर प्रकारासाठी साधारण ८ ते १३ अंश, म्हणजे वेगळा फ्रिजच हवा. त्यामुळे पहिल्यांदा एल निवडणे शहाणपणाचे.

शिवाय आंबताना यीस्ट स्वतः उष्णता निर्माण करते. खोली २२ अंशांवर असली तरी बादलीच्या आत दोन-तीन अंश जास्त असू शकतात. तापमान फार वाढले तर बीअरला तीव्र, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येऊ शकतो. मेलबर्नच्या उन्हाळ्यात बादली पाण्याच्या टबात ठेवून तिच्याभोवती ओले कापड गुंडाळणे हा स्वस्त उपाय आहे. माठातले पाणी गार होते, तेच तत्त्व. लंडनच्या हिवाळ्यात उलट अडचण. तिथे बादलीभोवती लावायचा हीटिंग बेल्ट कामाला येतो. चकचकीत बाटल्या आणि ग्लास असलेल्या महागड्या गिफ्ट किटपेक्षा साधे किट आणि तापमानाची सोय हा सौदा केव्हाही चांगला.

बाटल्या का फुटतात?

या छंदातील खरा धोका हा आहे. बीअरमध्ये फेस यावा म्हणून बाटली बंद करताना प्रतिलिटर साधारण ६ ते ७ ग्रॅम साखर घालतात. उरलेले यीस्ट ती खाते आणि वायू बाटलीतच अडकतो. पण थंडीमुळे यीस्ट मध्येच थबकले असेल, तर एअरलॉकमधले बुडबुडे थांबतात आणि काम संपले असे वाटते. अशा वेळी बाटल्या भरल्या तर नंतर उबेत आंबणे पुन्हा सुरू होते आणि काचेची बाटली स्फोट होऊन फुटू शकते.

म्हणूनच बुडबुड्यांवर विसंबू नये. घनता अपेक्षित पातळीपर्यंत उतरली आहे आणि सलग दोन-तीन दिवस बदललेली नाही, हे हायड्रोमीटरने पाहूनच बाटल्या भराव्यात. सुरुवातीला जाड पेट बाटल्या वापरणे अधिक सुरक्षित. त्या दाबल्यावर किती टणक लागतात यावरून आतल्या वायूचा अंदाजही येतो.

घरच्या बीअरमधून विषबाधा होते का?

महाराष्ट्रात हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. मुंबईत मालवणी येथे २०१५मध्ये विषारी दारूने शंभरहून अधिक जणांचा बळी घेतला होता. अशा दुर्घटनांमागे बहुतेकदा दारूत मिसळलेले औद्योगिक मिथेनॉल असते. माल्ट आंबवून केलेल्या बीअरमध्ये मिथेनॉल नगण्य असते. स्वच्छता नसेल तर बीअर आंबट होते, वास येतो आणि ती फेकून द्यावी लागते. उकळल्यानंतर बीअरला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू आधी धुऊन मग निर्जंतुक करणे, हाच त्यावर उपाय. धुणे आणि निर्जंतुक करणे ही दोन वेगळी कामे आहेत.

घरात कुत्रा असेल तर आणखी एक काळजी. हॉप्स कुत्र्यांसाठी विषारी असतात. वापरलेले हॉप्स उघड्या कचऱ्यात टाकू नयेत.

पैसे देण्यापूर्वी काय तपासावे?

* अर्काच्या डब्यावरील मुदत. जुना अर्क गडद होतो आणि चव उतरते.
* यीस्टच्या पाकिटावरची तारीख. डबा उन्हात किंवा गरम गोदामात पडून असेल तर नवे यीस्ट घेणे चांगले.
* किती लिटरचे किट आहे? लहान फ्लॅटसाठी एक गॅलनचे, म्हणजे सुमारे पावणेचार लिटरचे किट पुरते. मेहनत मात्र जवळपास तेवढीच लागते.
* बादली आणि नळ्या पुन्हा वापरता येतात का, की पुढच्या वेळी सगळेच नवे घ्यावे लागते?
* घरात १८ ते २२ अंश तापमान दोन आठवडे टिकेल अशी जागा आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर किटची खरेदी ऋतू बदलेपर्यंत पुढे ढकलावी. साधारण दोन आठवडे आंबण्यासाठी आणि दोन आठवडे बाटलीत मुरण्यासाठी लागतातच. त्यामुळे 'दहा दिवसांत तयार' असे लिहिलेले खोके दिसले, तर ते खाली ठेवून दुसरे पाहावे.

(मद्यपान आरोग्यास हानिकारक आहे.)