पान्हा फुटतो कसा?

गाय पान्हा चोरते, ही तक्रार गोठ्यागोठ्यांतून ऐकू येते. वस्तुतः हा गाईचा लबाडपणा नव्हे. तिच्या देहातील पेशींनी पेशींस धाडलेला निरोप बहुधा वाटेत अडलेला असतो.

वासराने कासेला ढुशी दिली किंवा सड धुऊन हलक्या हाताने चोळले, म्हणजे तेथील मज्जातंतू मेंदूस वर्दी देतात. मेंदूच्या तळाशी असलेली पोषग्रंथी ऑक्सिटोसिन हे द्रव्य रक्तात सोडते. सुमारे एका मिनिटात कासेतील सूक्ष्म दुग्धपिशव्यांभोवतीच्या पेशी हा निरोप ओळखून आकुंचन पावतात व दूध सडांत उतरते. हा परिणाम काही मिनिटेच टिकतो. गाय भ्याली अथवा तिला मारले, तर अ‍ॅड्रेनलिन रक्तात मिसळून हा निरोप निष्फळ ठरवते.

म्हणून धार काढण्याची वेळ व माणूस शक्यतो बदलू नये, कास कोमट पाण्याने धुवावी आणि ५ ते ७ मिनिटांत धार संपवावी. ऑक्सिटोसिनची सुई टोचण्याचा आडमार्ग धरू नये. दुधासाठी जनावरास अपायकारक द्रव्य टोचणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम १२ अन्वये गुन्हा आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे प्रत्यक्ष गोठ्यात जाऊन समजावून द्यावे.