केन हिलचा चढ

समोर केन हिल या टेकडीवर लॉकच्या गेटांच्या काळ्या-पांढऱ्या दांड्यांची रांगच रांग दिसते आहे. इंग्लंडमधल्या विल्टशरच्या डिव्हायझेस गावाखालचा हा केनेट अँड एव्हन कालवा. दोन मैलांत २९ लॉक, म्हणजे पाणी भरून बोट वर उचलणारे गेटबंद हौद, आणि २३७ फूट चढ. त्यातले १६ लॉक तर एका सरळ रेषेत, एकाच्या डोक्यावर एक. हे सगळं आम्हाला आज बोटीतून चढायचं आहे.

"मामा, बोट डावीकडे न्यायची तर सुकाणूचा दांडा उजवीकडे!" भाचा काठावरून ओरडतो. तो रेडिंगला, म्हणजे याच कालव्याच्या पूर्व टोकाला राहतो. मी मागे उभा, पुढे साठेक फूट लांबीची नॅरोबोट, रुंदी जेमतेम सात फूट. लॉक मात्र त्याच्या दुप्पट रुंद आहेत. म्हणून एकट्याने आत शिरायचं नाही, जोडीदाराची वाट पाहायची, अशी इथली रीत. एकदा लॉक भरायचा म्हणजे दोन लाख लिटरहून जास्त पाणी लागतं. आमच्या शेजारी एक आजी त्यांची बोट आणून लावतात. टपावर सरपण, सायकल आणि पुदिन्याच्या कुंड्या. त्या बोटीवरच राहतात.

दोन्ही बोटी आत शिरतात, मागची गेटं बंद होतात. भाचा एल आकाराची लोखंडी किल्ली लावून फिरवतो. खट् खट् खट्... झडप वर उचलली जाते आणि समोर पाणी उसळतं. बोट ओढ घेते, मी दोर आवळतो. शेवाळलेल्या विटा माझ्या नाकासमोरून खाली सरकतात. मग काठावरचं गवत येतं, मग भाच्याचे बूट. आता गेट. तो दांड्याला पाठ लावून जीव खाऊन रेटतो, गेट ढिम्म. आजी हातानेच त्याला थांब म्हणून खुणावतात. दोन्हीकडचं पाणी बोटभर जरी वरखाली असलं, तरी पैलवान आणून उपयोग नाही. थोड्या वेळाने तेच गेट आजी एकट्या, चहाचा मग हातात धरून, पाठीने ढकलतात.

दोन लॉकमध्ये अंतर इतकं कमी, की पाणी साठायला जागाच नाही. म्हणून कालव्याचा अभियंता जॉन रेनी याने बाजूला आडवी तळी खोदून घेतली. १८१० साली हा चढ सुरू झाला. पुढे १८५२ मध्ये रेल्वे कंपनीनेच कालवा विकत घेतला. ज्याचा धंदा बुडवायचा, तो कालवा रेल्वेच्याच हाती! विसाव्या शतकात इथे बोटी जायच्याच बंद झाल्या. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षं खपून कालवा पुन्हा उभा केला आणि १९९० मध्ये राणी एलिझाबेथने तो खुला केला. आता पायथ्याचे पंप दिवसाला ३.२ कोटी लिटरपर्यंत पाणी परत वर चढवू शकतात.

दहाव्या लॉकपाशी किल्ली माझ्याकडे आली आहे आणि तळहात सोलवटले आहेत. लाइफ जॅकेट घातलेला एक स्वयंसेवक न बोलता माझ्या हातातली किल्ली घेतो आणि पुढच्या लॉककडे चालू लागतो.

इथे यायचं ठरवलंत तर हातमोजे आणा आणि सकाळीच पायथ्याला पोहोचा. वर पोहोचायला पाच-सहा तास सहज लागतात, आणि दुपार उलटल्यावर चढ सुरू करू देत नाहीत.