हृदयाचीं चार दारें

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर भागांत, सातपुड्याच्या पायथ्याशीं, संग्रामपूर तालुक्यांत सोनाळा हें गांव आहे. एका बाजूस अंबाबरव्याचें अरण्य, दुसऱ्या बाजूस कपाशीचीं शेतें. तेथील शेतकऱ्याला हृदयाच्या झडपेचें काम समजावून सांगावयाचें झाल्यास शरीरशास्त्राचा ग्रंथ उघडण्याची गरज नाहीं. विहिरींत सोडलेल्या पाइपाच्या टोकाशीं जो फूट-व्हॉल्व्ह असतो, तो त्याच्या नित्य परिचयाचा आहे. पाणी वर चढूं द्यावयाचें, पण मागें परतूं द्यावयाचें नाहीं, एवढेंच त्याचें काम. तो गळूं लागला, कीं पंप चालूनहि पाटाला पाणी येत नाहीं. आणि तो चिकटून बसला, तर यंत्र उगीच तापत राहतें. हृदयाचेंहि असेंच आहे.

हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा असतात. वरच्या दोन कप्प्यांना कर्णिका व खालच्या दोहोंना जवनिका म्हणतात. दोन झडपा कर्णिका व जवनिका यांच्या मध्यें, तर उरलेल्या दोन जवनिकांतून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मुखाशीं असतात. हृदय दिवसांतून सुमारें एक लाख वेळां आकुंचन पावतें आणि विश्रांतीच्या स्थितींतहि मिनिटाला सुमारें पांच लिटर रक्त पुढें ढकलतें. डॉक्टर छातीला नळी लावून जो आवाज ऐकतात, तो मुख्यतः या झडपा मिटण्याचाच होय. झडपेच्या पाकळ्या जाड होऊन एकमेकींस चिकटल्या, तर वाट अरुंद होते. त्या आखडल्या, तर नीट मिटत नाहींत आणि रक्त मागें गळतें. कित्येकदां एकाच झडपेंत दोन्ही दोष आढळतात.

हा बिघाड होतो कशानें? कोणाच्या झडपेंत दोष जन्मतःच असतो. महारोहिणीच्या मुखाशीं तीन पाकळ्यांची झडप असावयास हवी. शंभरांतील एकदोघांत ती दोनच पाकळ्यांची असते. वार्धक्यांत याच झडपेवर चुन्याचे थर जमतात. जिना चढतांना घेरी येणें, छातींत कळ येणें, दम लागणें हीं त्याचीं लक्षणें 'वयोमान झालें' म्हणून घरोघरीं दुर्लक्षिलीं जातात. हृदयविकाराच्या झटक्यानें किंवा दीर्घकाळच्या रक्तदाबानें हृदय पसरलें, तरी पाकळ्यांच्या कडा एकमेकींस भिडत नाहींत. परंतु भारतांत तरुण वयांत झडप निकामी करणारें मुख्य कारण यांपैकीं एकहि नव्हे. त्याचा उगम लहानपणीं दुखलेल्या घशांत आहे.

ही गोष्ट प्रथमदर्शनीं खरी वाटत नाहीं. स्ट्रेप्टोकोकस जातीच्या एका जंतूमुळें मुलाचा घसा सुजतो, ताप येतो, आणि चार-सहा दिवसांत उपचारावांचूनहि तें मूल खेळूं लागतें. अशांपैकीं कांहीं थोड्या मुलांना दोन-तीन आठवड्यांनीं पुन्हां ताप चढतो. आज गुडघा सुजतो, उद्यां घोटा, परवां मनगट. हाच संधिवाताचा ज्वर, डॉक्टरांच्या भाषेंत र्‍हुमॅटिक फीव्हर. पांच ते पंधरा या वयांत तो विशेष आढळतो. शरीराची संरक्षक शक्ति जंतूशीं लढण्यास सिद्ध झालेली असते. परंतु जंतूच्या घटकांचें हृदयाच्या घटकांशीं साम्य असल्यामुळें ती स्वकीयांवरच शस्त्र धरते. सांधे पूर्ववत् बरे होतात. झडपेवर मात्र व्रण राहूं शकतो, आणि हा ज्वर जितक्यांदा उलटतो, तितका तो व्रण वाढत जातो.

सोनाळ्याच्या परिसरांतील अशी एखादी मुलगी कल्पावी. दहाव्या वर्षीं तिचे गुडघे सुजले. घरच्यांनीं तेल चोळलें. ती बरी झाली. पुढें दहा वर्षें कांहींच तक्रार नाहीं. मग तिचें लग्न होतें, ती गरोदर राहते. गर्भारपणांत शरीरांतील रक्त जवळजवळ निम्म्यानें वाढतें. अरुंद झालेल्या द्विदल झडपेंतून तें पुरेसें पुढें सरकत नाहीं व फुप्फुसांत तुंबतें. चालतांना धाप लागते, रात्रीं आडवें झाल्यास जीव घुसमटतो, उठून बसावें लागतें. घरांत दम्याची किंवा अशक्तपणाची शंका घेतली जाते. दुखणें असतें झडपेचें, आणि त्या वेळीं पणाला लागलेले असतात दोन जीव.

झडपेच्या विकारांतून इतरहि संकटें उद्भवतात. रक्त तुंबून डावी कर्णिका ताणली गेली, कीं नाडी अनियमित होते. कर्णिकेंत गुठळी बनते, ती मेंदूकडे वाहत गेली तर तरुण माणसाचीहि एक बाजू एकाएकीं लुळी पडते. किडलेल्या दांतांतून रक्तांत शिरलेले जंतु विकृत झडपेवर ठाण मांडतात व आठवडेच्या आठवडे ताप हटत नाहीं. शेवटीं हृदय थकतें, पायांवर सूज येते, पोटांत पाणी होतें.

अशा झडपेवर शस्त्र चालविण्याचें धाडस जुनें नाहीं. १९२५ सालीं लंडनमध्यें हेन्री सूटार यांनीं एका तरुण मुलीच्या हृदयांत बोट घालून झडपेची वाट मोकळी केली. मुलगी वांचली, परंतु तसा दुसरा रोगी त्यांच्याकडे कोणीं पाठविला नाहीं. १९४८ च्या जूनमध्यें अमेरिकेंत बेली व हार्केन यांनीं ती वाट पुन्हां उघडली, आणि पुढच्याच दशकांत मुंबईस परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं ही शस्त्रक्रिया रुजविली. १९८० नंतर जपानचे डॉ. इनोऊए यांच्या पद्धतीनें, छाती न उघडतां, मांडीच्या नीलेतून फुगा नेऊन अरुंद झडप रुंद करतां येऊं लागली. झडप अगदींच निकामी झाल्यास कृत्रिम झडप बसवितात. तिरुवनंतपुरम् येथील श्री चित्रा संस्थेंत डॉ. वलियाथन यांच्या नेतृत्वाखालीं तयार झालेली भारतीय झडप १९९० सालीं प्रथम रोग्याला बसविण्यांत आली. महाराष्ट्रांत महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेंत या शस्त्रक्रियेचा समावेश आहे.

परंतु शस्त्रक्रियेनें प्रश्न संपत नाहीं. यांत्रिक झडप बसविलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणारें औषध जन्मभर घ्यावें लागतें व वरचेवर रक्त तपासावें लागतें. मात्रा कमी पडली तर झडपेंत गुठळी, अधिक झाली तर रक्तस्राव. आणि तरुण स्त्रीच्या बाबतींत तेंच औषध गर्भालाहि धोक्याचें ठरतें. जनावराच्या ऊतींपासून बनविलेल्या झडपेला हें औषध जन्मभर लागत नाहीं, पण तरुणपणीं ती लवकर झिजते. डोंगराच्या पायथ्याशीं राहणाऱ्या, मजुरी बुडवून शहर गांठणाऱ्या कुटुंबाला हें ओझें किती जड होईल, हें निराळें सांगावयास नको.

म्हणून खरा इलाज आरंभीं आहे, आणि तो स्वस्त आहे. जंतुजन्य घसादुखीवर नऊ दिवसांच्या आंत पेनिसिलिन सुरू झालें, तर संधिवाताचा ज्वर टळतो. नाक वाहणें व खोकला असलेली साधी सर्दी बहुधा निराळ्या कारणाची असते. तिला हें औषध नको, आणि कोणत्या घशाला तें हवें हें डॉक्टरांनींच ठरवावें. ज्या मुलाला हा ज्वर एकदां येऊन गेला, त्याला पेनिसिलिनचें लांबणारें इंजेक्शन साधारणतः दर एकवीस दिवसांनीं, वर्षानुवर्षें द्यावें लागतें. झडप दुखावली असल्यास निदान दहा वर्षें अथवा पंचविशीपर्यंत, क्वचित् त्याहूनहि अधिक. नेमकी येथेंच चूक होते. मूल हसतें-खेळतें दिसतें, सुई दुखते, मग एक तारीख चुकते, दुसरी चुकते, आणि हा ज्वर पुन्हां उलटतो.

हा ज्वर दाटीवाटीनें राहणाऱ्यांत अधिक फैलावतो. सोनाळ्याच्या शाळेंतील मूल काय, किंवा पुण्या-मुंबईच्या घरीं धुणें-भांडीं करणाऱ्या बाईंचें मूल काय, धोका सारखाच. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत शाळेंतील तपासणीच्या रोगांत या हृदयविकाराचाहि अंतर्भाव आहे. त्या दिवशीं मूल शाळेंत असावें, एवढें पालकांनीं पाहावें. आणि ज्या घरांत दिनदर्शिका टांगलेली आहे, त्या घरानें ओळखीच्या अशा एखाद्या मुलाच्या एकविसाव्या दिवसावर खूण करून ठेवावी व आदल्या दिवशीं आठवण द्यावी. बिघडलेलें दार दुरुस्त करावयास शल्यविशारद लागतो. तें बिघडूं न देण्यास तेवढी एक खूण पुष्कळदां पुरते.