उसाला तुरा का येतो?

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये वसवलेल्या शाहूपुरीच्या पेठेने कोल्हापुरी गुळाला नाव मिळवून दिले. २०१४ मध्ये या गुळाला भौगोलिक मानांकनही लाभले. मात्र गुळाची प्रत गुऱ्हाळाआधी बऱ्याच अंशी फडातच ठरते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एक फड तुऱ्यांनी पांढरा होतो, तर शेजारचा हिरवागार राहतो. लागण एकाच वेळची, पाऊस आणि मातीही एकच. तरीही हा फरक पडतो, कारण तो वाणाच्या आनुवंशिक गुणांत असतो.

तुरा म्हणजे उसाचा फुलोरा. शेवंती किंवा भांगेप्रमाणे ऊसही दिवस लहान होऊ लागले की फुलोऱ्याकडे वळतो. कोल्हापूरच्या अक्षांशावर ऑगस्टअखेरीस दिवस सुमारे साडेबारा तासांचा होतो. त्या सुमारास पुरेशी कांडी धरलेल्या उसाच्या शेंड्यात पानांऐवजी फुलोऱ्याचा कोंब तयार होऊ लागतो. हा संकेत किती तीव्रतेने स्वीकारायचा, हे प्रत्येक वाणाचे जनुक ठरवतात. लवकर पक्व होणाऱ्या कोसी ६७१ या वाणात तुऱ्याकडे कल अधिक. त्याच्याच संकरातून आलेल्या को ८६०३२ मध्ये तो कमी आढळतो. उसाच्या पेशीत शंभराहून अधिक गुणसूत्रे असतात. फुलोऱ्याचे नियंत्रण अनेक जनुकांत विभागलेले असल्याने एकाच संकराची रोपेही वेगवेगळ्या वेळी फुलतात.

तुरा आला की शेंड्याची वाढ थांबते. सुरुवातीला साखरेचा उतारा चांगला मिळतो. परंतु तोड महिना-दोन महिन्यांपेक्षा अधिक लांबल्यास डोळ्यांतून पांगशा फुटतात, कांडी पोकळ होतात आणि रसातील साखरेचे विघटन होते. अशा रसाचा गूळ नीट घट्ट होत नाही व तो टिकतही नाही.

शेतकऱ्याला नकोसा वाटणारा हाच तुरा संशोधकांना मात्र हवा असतो, कारण फुलाखेरीज संकर नाही. कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेने १९१८ मध्ये प्रसारित केलेला को २०५ हा वाण गोड ऊस आणि रानटी ऊस यांच्या संकरातून जन्मला. दोन वाण वेगवेगळ्या वेळी फुलत असतील तर त्यांचा संकर अवघड होतो. म्हणूनच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने, उसाला भरपूर तुरा येणाऱ्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीत, संकराचे केंद्र उभारले.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे. हंगामाच्या उत्तरार्धात तोडायच्या फडासाठी तुरा कमी येणारा वाण निवडावा आणि तुरा आलेला फड आधी गाळपास द्यावा. कॅलेंडर बदलता येत नाही. वाण आणि तोडीचा क्रम निवडता येतो.